वीस पाण्यांची रेती

आमच्या घरात त्या पावसाळ्यात दगड कुटले जात. सकाळी अप्पा, म्हणजे माझे वडील, गोणीतून कापडी पिशव्या काढून ओसरीवर ओळीने मांडायचे. माय लुगडं खोचून लोखंडी खलासमोर बसायची, आणि मग ठण ठण सुरू व्हायचं ते दुपारच्या भाकरीपर्यंत. बसवकल्याणच्या आमच्या गल्लीत कुणाकडे मिरची कुटतात आणि कुणाकडे शेंगाची चटणी, हे नुसत्या आवाजावरून कळायचं. आमच्या घरचा आवाज मात्र सुरुवातीला कुणाला उमगेना. शेजारची खाला भिंतीवरून डोकावून विचारायची, "क्या गे, पत्थर का सालन पकारे क्या?" माय हसून म्हणायची, "व्हय, या जेवायला." अंबाडीची भाजी चुलीवर रटरटत असायची, तिच्या आंबूस वासात दगडाच्या पिठाचा कोरडा वास मिसळायचा, आणि केसांवर, भुवयांवर, पाण्याच्या घागरीवर करडी भुकटी बसायची. शिंकलं तरी दगड बाहेर पडेल, असं मला वाटायचं. आज गुडघे कुरकुरतात तेव्हा डॉक्टर म्हणतात हाडं झिजली. मी म्हणते, झिजणारच, इतका दगड पोटात गेलाय.

अप्पा एका सरकारी खात्याच्या कॅम्पात रोजंदारीवर होते. खातं सोनं शोधायचं. आमच्या कल्याण-बीदरकडची जमीन वर लाल जांभा आणि खाली काळा पत्थर. तिच्यात सोनं शोधणं म्हणजे बैलाचं दूध काढणं. सोनं असलंच तर खाली दक्षिणेला, सुरपूरच्या बाजूच्या, खात्याचा कॅम्प होता त्या डोंगरातल्या जुन्या करड्या ग्रॅनाइटात. हा दगड एकेकाळी जमिनीच्या पोटात वितळलेला होता, मग सावकाश थिजला. पुढे त्याला भेगा पडल्या, त्या भेगांतून खोलातलं तापलेलं पाणी वर सरकलं आणि जाताना पांढरी गार म्हणजे क्वार्ट्झ, पिवळं माक्षिक म्हणजे पायराइट, आणि फारच दैव असेल तिथे डोळ्यांना न दिसणारं सोनं मागे ठेवून गेलं. हे मी जन्मभर वर्गात शिकवलं. अप्पांना ते कुणी शिकवलं नव्हतं. ते हातोडीचा एक घाव घालायचे, फुटलेला तुकडा नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "लसूण आलाय." ग्रॅनाइटातल्या काही चंदेरी खनिजांत सोमल, म्हणजे आर्सेनिक, असतो, घाव बसला की खरंच लसणासारखा वास येतो, आणि त्या खनिजाच्या संगतीला सोनं राहतं. इंग्रजी शिकलेले साहेब भिंगातून पाहून जे सांगायचे, ते अप्पा नाकाने सांगायचे.

हे साहेब धारवाडकडचे. मराठी उत्तम समजायची, बोलताना कानडी हेल यायचा. अकरा वर्षं अप्पा त्यांच्या हाताखाली होते. एकाच ताडपत्रीखाली दोघं पावसात बसलेले, एकाच डब्यातलं जेवलेले. आमच्यासारख्यांच्या घरची शेंगाची चटणी हा मनुष्य बोटं चाटून खातो, याचं मायला किती अप्रूप होतं ते कसं सांगू! आजोबांच्या पिढीत आमचं घर बौद्ध झालं. बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर आली, तरी गावातली माणसं पाणी वरूनच ओतायची. साहेब मात्र आमच्या तांब्याला तोंड लावायचे. त्या वर्षी कॅम्पातलं दगड दळायचं यंत्र मोडलं, वर पाऊस लागला आणि कॅम्प बंद झाला. कॅम्प बंद म्हणजे रोजंदारीही बंद. साहेबांनी नियम बाजूला ठेवून नमुन्यांच्या गोण्या अप्पांच्या घरी पाठवल्या. कुटून, चाळून, पुड्या बांधून द्या, मजुरी मिळेल. त्यांनी हे दयेपोटी केलं. हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना माणूस ते विसरेल.

गोण्यांबरोबर साहेब स्वतः एकदा आले होते. ओसरीवर बसून त्यांनी मायला समजावलं, "अक्का, एक पिशवी कुटून झाली की दुसऱ्या पिशवीत तिचा कण जायला नको. धुतलेली स्वच्छ रेती मूठभर खलात घ्यायची, कुटायची, फेकून द्यायची. खल साफ होतो. मग पुढची पिशवी."

"पाण्यानं धुवू का साहेब?"

"पाणी नको, गंज येतो. रेतीच. पण चांगली धुतलेली पाहिजे."

माय स्वच्छतेच्या बाबतीत कुणाला हार जाणारी नव्हती. आमची भांडी आरशासारखी, आमचं अंगण सकाळ-संध्याकाळ झाडलेलं, आमच्या अंगावरचे कपडे फाटके असतील पण मळके कधीच नाहीत. 'घाण' हा शब्द पूर्वी आमच्या माणसांना चिकटवलेला होता, तो तिला कुणाच्या तोंडी पुन्हा येऊ द्यायचा नव्हता. त्यामुळे ओढ्याची रेती तिच्या मनाला येईना. ओढ्याला गुरं जातात, धुणी होतात. तिने जी रेती निवडली तिच्याइतकी धुतलेली रेती साऱ्या तालुक्यात नव्हती. ती खालाच्या अंगणातली होती.

खालाचं घर झारेकऱ्याचं. सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीची राख, चटया झटकून निघालेली धूळ, हे सगळं तिचा नवरा गोण्या भरून विकत आणायचा. मग दोघं लाकडी परातीत ती माती पाण्यात घोळवून घोळवून धुवायची. हलकं वाहून जायचं, जड तळाला राहायचं, आणि शेवटी परातीच्या कडेला नखाएवढी पिवळी रेघ दिसायची. लहानपणी मी तासन् तास ते पाहत बसायचे. खाला बोटाच्या टोकावर कण घेऊन दाखवायची. हा कानशीने घासलेला, हा भट्टीतला थेंब. धुऊन उरलेली बारीक रेती अंगणाच्या कोपऱ्यात ढिगाने पडायची, आणि सगळी गल्ली ती भांडी घासायला फुकट न्यायची. "बीस पानी का माल है," असं खाला अभिमानाने म्हणायची. मायने तीच रेती तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून आणली, आणि प्रत्येक पिशवीनंतर मूठभर खलात घालून जीव लावून कुटली.

नमुने बंगळूरला गेले, आणि थंडी सुरू होताना उत्तर आलं. पिशव्यांमागून पिशव्यांत सोनं! टनाला तीन ग्रॅम, चार ग्रॅम, एकीत तर सात. ऐकणाऱ्याला हे चिमूटभर वाटतं, पण खाणीच्या जगात एवढ्यावर गावं वसतात. साहेब जीप घेऊन आमच्या गल्लीत आले, सोबत पेढे. डोंगरावर भोकं पाडायचं मोठं यंत्र येणार होतं. अप्पांचं नाव पर्मनंटसाठी वर पाठवलं होतं. पर्मनंट! त्या एका शब्दाभोवती आमच्या घराची अकरा वर्षं फिरली होती. माझं कॉलेज, धाकट्याची शाळा, मायचा दुखणारा खांदा, सगळ्याला उत्तर एकच, पर्मनंट झालो की बघू. अप्पा त्या दिवशी अंगणात जाऊन उभे राहिले आणि मग अचानक बादलीभर पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. माय म्हणाली, "असं काय करायलाव? येडं लागलंय का?" ते म्हणाले, "आनंद बाहेर काढायलोय."

मी तेव्हा गुलबर्ग्याला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीपुरती घरी यायचे. विषय भूशास्त्र. वर्गात मुलगी मी एकटीच, आणि बापाच्या हातोडीमुळे जरा शेफारलेली. वर्षाअखेरीस एक लहान प्रकल्प करायचा असतो. मी तोऱ्यात सांगितलं, आमच्या अप्पांच्या डोंगरावरचं सोनं मी दाखवते. साहेबांच्या परवानगीने अप्पांनी मला उरलेल्या भुकटीच्या काही पुड्या आणि त्याच पिशव्यांतले न कुटलेले खडे दिले. खडे कापून, घासून, आरशासारखे करून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. करडा फेल्डस्पार, पांढरी गार, गारेत पिवळ्या माक्षिकाचे चौकोनी दाणे, त्यांना पडलेल्या भेगा. सोनं असतंच तर त्या भेगांत असायला हवं, वेडंवाकडं, भेगेच्या मापाचं. आठ दिवस पाहिलं. एक कण नाही. मग मी भुकटी घेतली, घड्याळाच्या काचेसारख्या वाटीत पाण्याने घोळवली, जसं खालाकडे पाहिलं होतं तसंच, आणि तळाला उरलेलं भिंगाखाली सरकवलं.

सोनं होतं. भरपूर होतं. एक कण होता सुतासारखा, गोल वळलेला, आणि त्याच्या पाठीवर एकसारख्या बारीक रेघा. दुसरा होता वाटोळा, मोहरीच्या दाण्याचा शंभरावा भाग असेल, पण असा गुळगुळीत की जणू आत्ताच वितळून थेंब पडलाय. रंगाला किंचित तांबूस. कुठलाही डोंगर सोन्याला कानस लावत नाही. कुठलाही ग्रॅनाइट सोन्यात तांबं मिसळून त्याचे मणी पाडत नाही. मी डोळा भिंगाला लावून तशीच बसले. प्रयोगशाळेच्या शिपायाने "अक्का, बंद करायचंय," असं दोनदा म्हटलं तेव्हा मी दचकून उठले आणि स्टुलासकट पडले. आजही लोक मला विचारतात, मॅडम, तुम्ही खरं सोनं पाहिलंय का? पाहिलंय. त्या क्षणी ते जगात नसतं तर बरं झालं असतं, असं वाटायला लावणारं पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी बसने घरी पोचले तेव्हा माय भाकरी थापत होती आणि अप्पा तिच्याजवळ बसून पर्मनंट झाल्यावर कुठल्या पत्र्याने छप्पर घालायचं ते सांगत होते. मी चप्पलही न काढता विचारलं, "माय, खल साफ करायला तू कुठली रेती वापरलीस?"

"खालाच्या अंगणातली. कामून गं?"

मी सांगितलं. सोनं कुटलं तर दगडासारखा त्याचा भुगा होत नाही, ते चपटं होतं आणि लोखंडाला चिकटून बसतं. मग पुढच्या पिशवीतला दगड ते खरवडून आपल्या भुकटीत घेतो. प्रत्येक पिशवीच्या आधी तू मूठभर रेती कुटलीस, म्हणजे प्रत्येक पिशवीत सोनाराचं सोनं गेलं. डोंगरात काहीच नाही. मायचा पिठाचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी कुणी ती उलटली नाही.

"ती तर वीस पाण्यानं धुतलेली व्हती," ती म्हणाली. "माझ्या हातानं चाळून घेतली व्हती गं मी. साहेब म्हणले स्वच्छ पायजे, म्हणून त्यातली त्यात स्वच्छ आणली." आणि मग तिने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. जन्मभर घासून उजळ केलेल्या त्या हातांनीच घाण केली, असं तिला वाटत होतं.

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, "कुणाला सांगायचं न्हाई."

"अप्पा, तिथं यंत्र येतंय. खाली काहीच सापडणार नाही."

"न सापडू दे. सोनं काय, शंभरदा दिसतंय न् शंभरदा जातंय. तवर माझी आर्डर हातात येतीय. दोन महिन्याचा सवाल हाय सुजे. अकरा वर्सं काढली, आता दोन महिने तू तोंड बंद ठिवू शकत न्हाईस?"

माझ्या बापाला मी इतकं घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी गप्प राहणार होते. पुस्तकातली सचोटी पुस्तकात. घरात धाकटा भाऊ होता, मायचा खांदा होता. बोलली ती माय. जळकी भाकरी तव्यावरून काढून तिने बाजूला ठेवली आणि म्हणाली, "केलं मी हाय. उद्या मी जाऊन सांगते. तुमी याचं तर या, न्हाईतर घरी बसा."

"अगं, नोकरी जाईल!"

"जाऊ द्या. माझ्या हातानं घाण झाली, ती मीच काढनार." यापुढे ती बोलली नाही, आणि ती बोलायची थांबली की आमच्या घरात वाद मिटलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गुलबर्ग्याला साहेबांच्या ऑफिसात गेलो. बसमध्ये मांडीवर रेतीचा डबा घेऊन माय खिडकीशी बसली होती, जणू कुणाच्या बारशाला चालली आहे. साहेबांनी खुर्च्या दिल्या. मायने डबा टेबलावर ठेवला आणि उभी राहूनच सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मी भिंगाखालच्या कणांची चित्रं काढून नेली होती, ती पुढे केली. मला वाटलं होतं साहेब रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांच्या कपाळावर थंडीत घाम आला. डब्यातली चिमूटभर रेती त्यांनी तळहातावर घेतली, खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "मी डोंगरावरच्या त्याच खड्ड्यांतले नमुने स्वतः पुन्हा घेतले होते. बंगळूरला दळले. काही निघालं नाही. मला महिनाभरापासून माहीत आहे की डोंगरात सोनं नाही."

"मग बोलला का न्हाईत साहेब?" अप्पांनी विचारलं.

साहेब टेबलाशी आले. टेबलावर टपालाची फाईल उघडी होती, सगळ्यात वर टंकलेला एक कागद. त्यांनी त्याच्यावर घाईने हात ठेवला. ती घाई अप्पांनी पाहिली. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण कागदावर स्वतःचं नाव कसं दिसतं तेवढं ते ओळखायचे. "माझं नाव हाय तितं," ते म्हणाले. "सुजे, वाच."

साहेबांनी हात काढला. अडवलं असतं तर बरं झालं असतं. मी मनात वाचलं आणि कागद खाली ठेवला. "मोठ्यानं," अप्पा म्हणाले. "मराठीत."

मी वाचलं. त्यात लिहिलं होतं, सदर मजुराने स्वतःची नोकरी कायम व्हावी या हेतूने नमुन्यांत सोनं मिसळून खात्याची फसवणूक केली आहे, त्याला तत्काळ कामावरून काढावं आणि पोलिसांत तक्रार द्यावी. खाली साहेबांची सही होती. त्या दिवशीच्या टपालाने तो कागद जाणार होता. आम्ही दोन महिने तोंड बंद ठेवलं असतं, तर दोन दिवसांत घरी ऑर्डर नव्हे, पोलीस आले असते.

माय डबा पोटाशी धरून खाली बसली. अप्पा उभेच होते. ते चिडले असते, रडले असते, तर आम्हाला सोपं गेलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त नवल होतं, जसं एखाद्या जाणत्या माणसाला ओळखीच्या रस्त्यावर खड्डा लागावा तसं. "साहेब," ते अगदी हळू म्हणाले, "सोनं मिसळायला आदी सोनं लागतंय. माझ्या घरात सोन्याचा एक मनी हाय. तो तिच्या गळ्यात हाय. मोजून बगा."

साहेबांनी कागदाचे तुकडे केले. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माणिक, गोण्या तुझ्या घरी मीच पाठवल्या. उद्या मला विचारलं असतं... मी घाबरलो." ते खरंच बोलत होते. आता त्यांच्याहून जास्त वय झाल्यावर मला ते कळतं. स्वतःच्या चांगुलपणाची चौकशी होणार म्हटल्यावर त्यांना हाताशी सापडला तो आमचा बाप. पण अकरा वर्षं बरोबर काढूनही, 'माणिक, हे कसं झालं रे?' एवढं विचारण्याइतका तो जवळचा ठरला नव्हता, हे काही केल्या माझ्या गळ्याखाली उतरत नाही. जाताना साहेब म्हणाले, "सोमवारी कॅम्पावर ये. तुझं काम कुठे जात नाही. पर्मनंटचंही मी पाहीन." परतीच्या वाटेवर हुमनाबादला चहा घेतला, त्याची चव कुणाला आठवत नाही.

कथेत असते तर अप्पा सोमवारी गेले नसते. ते गेले. घर चालवायचं होतं. यंत्र आलं नाही, डोंगर तसाच राहिला, आणि साहेबांनी शब्द पाळून अप्पांना पर्मनंट करायला तीन वर्षं लागली, तरी केलं. मायने त्यानंतर खालाच्या अंगणातली रेती आणली नाही. खालाला कारण कधी सांगितलं नाही, म्हणून खाला शेवटपर्यंत थोडी रुसलेली राहिली.

त्याच शैक्षणिक वर्षात, उन्हं तापायच्या आधी, आमचा वर्ग दगड पाहायला अप्पांच्या कॅम्पाच्या भागात गेला होता. संध्याकाळी जीपमध्ये नमुने चढवत होते. मुलांना मी तोऱ्यात सांगत होते, ते बघा माझे वडील. अप्पांनी पिशव्या साहेबांसमोर मांडल्या, आणि मग पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. सदऱ्याचा खिसा उलटा केला. विड्या, काडेपेटी, बसचं जुनं तिकीट, सगळं जीपच्या टपावर ठेवलं आणि हात पसरून उभे राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साहेब मान फिरवून म्हणाले, "माणिक, नको रे." अप्पा हलले नाहीत. मुकादम माझ्या कानाशी म्हणाला, "रोजच करतंय. साहेबांनी यादीवर सही केल्याबिगर खिसे आत घालत न्हाई." वर्गातली मुलं पाहत होती. मी डोंगराकडे तोंड करून दगडाचं नाव सांगायला लागले, आणि मला एकाही दगडाचं नाव आठवेना.

साहेब पुढे बदलून गेले, त्यांच्या जागी आणखी तिघं आले. अप्पांचं ते खिसे उलटणं एक दिवसही चुकलं नाही. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात लहानसा समारंभ झाला, गळ्यात झेंडूचा हार घातला, नारळ दिला, भाषणं झाली. निघताना अप्पा नव्या साहेबांच्या टेबलासमोर गेले, नारळ खाली ठेवला आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. नव्या साहेबांना काही माहीत नव्हतं. म्हातारा गंमत करतोय असं वाटून ते मोकळेपणाने हसले, आणि आजूबाजूचे सगळे हसले.